जिल्हानिहाय रेशनची टक्केवारी काढताना छेद कुठला धरायचा?

नकाशावेडा:

महाराष्ट्रातल्या कुठल्या जिल्ह्यात किती टक्के लोक राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशन घेतात, याचा तक्ता आणि त्यावरून नकाशा करायला घेतलाय. अंश म्हणून पुरवठा विभागाच्या अहवालातले अंत्योदय (सगळ्यात गरीब कुटुंबांचा गट) आणि प्राधान्य (बाकीची पात्र कुटुंबं) मिळून लाभार्थी घेतले. छेद म्हणून २०११च्या जनगणनेची लोकसंख्या. वरकरणी नुसता भागाकार आहे, पण तक्ता उभा राहिल्यावर चार गोष्टी खटकतात.

ठाण्याची टक्केवारी पटणार नाही इतकी खाली येते. पालघरला छेदच सापडत नाही. मराठवाड्यात आणि अमरावती विभागात रेशनवरचे लोक २०२२नंतर एकदम गळालेले दिसतात, शेजारच्या नगर-सोलापुरात मात्र तसं काही नाही. आणि लाभार्थ्यांऐवजी दरमहा वाटलेल्या धान्यावरून हिशेब केला, तर २०२० ते २०२२मधले बरेचसे महिने जवळपास दुप्पट होतात.

शिवाय एक मूळ प्रश्न. हा नकाशा ‘महाराष्ट्रातली गरिबी जिल्हानिहाय’ या मथळ्याखाली देता येईल का? जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

---

गोदामपाल:

तुमचा भागाकार बरोबर आहे. अंश आणि छेद एकाच हद्दीतले नाहीत, एवढीच गडबड आहे. एकेक घेतो.

ठाणे. मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्र हा प्रकार जिल्ह्याच्या हद्दीला जुमानत नाही. राज्यभर रेशन जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालच्या जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे असतं. मुंबईत आणि ठाण्याच्या शहरी पट्ट्यात ते नियंत्रक, शिधावाटप यांच्याकडे आहे. परळ, अंधेरी, वडाळा, कांदिवली आणि ठाणे अशी पाच परिमंडळं आहेत. अहवालात ‘ठाणे’ म्हणून जी ओळ दिसते, ती बहुतेक वेळा जिल्हा पुरवठा कार्यालयापुरतीच असते, म्हणजे मुरबाड-शहापूरसारखा भाग. ठाणे शहर आणि कल्याण-उल्हासनगरकडचे लाभार्थी शिधावाटपाच्या ओळीत गेलेले असतात. तुम्ही अंश ग्रामीण तुकड्याचा घेतलात आणि छेद अख्ख्या जिल्ह्याचा, तोही जुन्या, न फुटलेल्या जिल्ह्याचा.

पालघर. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्यामुळे २०११च्या जनगणनेत ३५च जिल्हे आहेत. छेद तालुक्यांवरून जोडावा लागतो. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या आठ तालुक्यांची बेरीज २९,९०,११६ येते. उरलेल्या सात तालुक्यांचं (ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर) आजचं ठाणे ८०,७०,०३२. दोन्ही मिळून १,१०,६०,१४८, हा जनगणनेतला जुना ठाणे जिल्हा. बेरीज जुळली की समजायचं तालुके बरोबर वाटले गेले.

मग करायचं काय? मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि आजचं ठाणे यांचं एकच एकक करा. ३०,८५,४११ + ९३,५६,९६२ + ८०,७०,०३२ = २,०५,१२,४०५ हा त्याचा छेद. अंशात पाचही परिमंडळं अधिक ठाणे जिल्हा पुरवठा कार्यालयाची ओळ. नकाशात ३६ऐवजी ३४ तुकडे होतील, पण प्रत्येक तुकडा खरा असेल. मुंबई शहर आणि उपनगर वेगळे दाखवायचा मोह आवरा, कारण परिमंडळांच्या हद्दी त्या दोन जिल्ह्यांच्या रेषेवर बसवलेल्या नाहीत.

मराठवाडा आणि वऱ्हाड. इथे लोक गळालेले नाहीत, रकाना गळालाय. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना, म्हणजे जे अन्नसुरक्षेच्या यादीत नाहीत त्यांना, २०१५पासून माणशी ५ किलो धान्य प्राधान्य गटाच्याच दराने मिळत होतं: गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. अहवालात ‘एपीएल शेतकरी’ (एपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेवरचे) असा तिसरा गट दिसतो तो हाच. २०२२च्या मध्यानंतर या गटाचं धान्य थांबलं आणि जानेवारी २०२३पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये (पुढे १७०) थेट खात्यात जाऊ लागले. तुम्ही ‘एकूण लाभार्थी’ हा रकाना उचलला असणार. अंत्योदय आणि प्राधान्य वेगळे उचला, घसरण नाहीशी होईल. आणि तुमच्या यादीत वर्धा तपासा. मराठवाड्याचे ८ आणि अमरावती विभागाचे ५ मिळून १३ होतात. चौदावा वर्धा, आणि तो नागपूर विभागात आहे. विभागवार सरासरी पाहणाऱ्याच्या नजरेतून तो नेमका निसटतो.

दुप्पट धान्य. एप्रिल २०२०पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत नेहमीच्या धान्याशिवाय माणशी ५ किलो जादा, फुकट मिळत होतं. पण सलग नाही. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ हे पाच महिने जादा धान्य नव्हतं. मे २०२१ला पुन्हा सुरू झालं ते डिसेंबर २०२२पर्यंत. तुमच्या आलेखात मध्ये खड्डा दिसत असेल तर तो हाच. १ जानेवारी २०२३पासून जादा धान्य बंद झालं आणि नेहमीचंच धान्य फुकट झालं, पण योजनेचं नाव तेच ठेवलं. नाव तेच, माल वेगळा. त्यामुळे नावावरून चाळणी लावलीत तर २०२२ आणि २०२३ची मोट बांधली जाईल. जून २०२५सुद्धा वेगळा काढा. पावसाळ्यामुळे जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यायचं ठरलं होतं.

मुळात वाटलेल्या क्विंटलांवरून माणसं मोजूच नयेत. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, घरात दोन माणसं असोत की नऊ. प्राधान्यला माणशी ५ किलो. सहा माणसांपर्यंत अंत्योदय फायद्याचं, सात माणसांना बरोबरी. आठव्या माणसाला माणशी ४.३७ किलोच पडतं, म्हणजे प्राधान्यपेक्षा कमी. अंत्योदयचा वाटा जास्त असलेल्या जिल्ह्यात क्विंटल भागिले ५ केलं की माणसं फुगतात, आणि किती फुगतात ते त्या जिल्ह्यातल्या कुटुंबाच्या आकारावर ठरतं.

---

छेदबिंदू:

गोदामपालांनी हद्दींचं सगळं सांगितलंच आहे. मी मथळ्यावर बोलतो, कारण खरी चूक तिथे होणार आहे.

हा नकाशा गरिबीचा नाही. हा इष्टांकाचा, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या लाभार्थी-संख्येचा, नकाशा आहे.

कायद्यात देशपातळीवर ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के अशी कमाल मर्यादा आहे. ती राज्यांत वाटताना महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के आले. २०११ची ग्रामीण लोकसंख्या ६,१५,५६,०७४ आणि शहरी ५,०८,१८,२५९. गुणाकार करून पाहा: ग्रामीण ४ कोटी ६९ लाखांवर, शहरी २ कोटी ३० लाखांवर, मिळून ७ कोटी आणि थोडे. राज्यात १ फेब्रुवारी २०१४ला कायदा लागू झाला तेव्हापासून आकडा तोच आहे. गरिबी वाढली म्हणून तो वाढत नाही, कमी झाली म्हणून उतरत नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत नवीन अर्जदाराला जे वाक्य ऐकायला मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही’, त्याचा अर्थ हाच. मृत्यू, स्थलांतर, दुबार नावं यांतून जागा रिकामी झाली की पुढचा आत.

आता याचा जिल्ह्यांच्या टक्केवारीवर काय परिणाम होतो ते बघा. समजा राज्याचे हे दोन दर प्रत्येक जिल्ह्याला जसेच्या तसे लावले. जिल्ह्याचा ग्रामीण वाटा गुणिले ७६.३२, अधिक शहरी वाटा गुणिले ४५.३४. मग २०११च्या शहरी प्रमाणावरून असं येतं:

गडचिरोली (शहरी ११.० टक्के): ७२.९
सिंधुदुर्ग (१२.६): ७२.४
नंदुरबार (१६.७): ७१.१
पुणे (६१.०): ५७.४
मुंबई शहर आणि उपनगर (१००): ४५.३

सिंधुदुर्ग नंदुरबारच्या वर! नंदुरबारमध्ये अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्के आहे आणि नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात तो राज्यात सगळ्यात वाईट जिल्हा ठरलाय. सिंधुदुर्ग त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाकडे. पण या सूत्राला फक्त एकच गोष्ट दिसते, गाव की शहर. सावंतवाडीजवळचं नारळी-पोफळीच्या बागांचं गाव आणि धडगावातला पाडा त्याच्या लेखी सारखेच.

वर दिलेले आकडे जिल्ह्यांचे प्रत्यक्ष इष्टांक नाहीत, हे कृपा करून लक्षात ठेवा. ती मोजपट्टी आहे. जिल्ह्याचा खरा इष्टांक विभागाच्या आदेशात मिळतो. तक्त्यात तीन रकाने ठेवा: सूत्राने येणारी टक्केवारी, मंजूर इष्टांकाची टक्केवारी, आणि प्रत्यक्ष लाभार्थ्यांची टक्केवारी. दुसरा उणे पहिला म्हणजे राज्याने त्या जिल्ह्याला झुकतं माप दिलं की नाही. तिसरा भागिले दुसरा म्हणजे मिळालेला कोटा जिल्ह्याने भरला की नाही. वाचण्यासारखी माहिती या दोन आकड्यांतच आहे. नुसता तिसरा रकाना रंगवलात तर शहरीकरणाचा नकाशा उलटा छापल्यासारखं होईल.

आणखी एक अडचण उत्पन्नमर्यादेची. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण ४४,००० आणि शहरी ५९,००० रुपये, कुटुंबाचं वार्षिक. महिन्याचे अनुक्रमे ३,६६७ आणि ४,९१७. ही मर्यादा २०१३च्या निर्णयातली आहे. २०१४ची मूळ यादी मात्र आधीच्या कार्डांवरून झाली: पिवळी बीपीएल (दारिद्र्यरेषेखालची) कार्डं सरसकट, आणि केशरीतली या मर्यादेत बसणारी. म्हणून आजची टक्केवारी ‘आज कोण गरीब आहे’ यापेक्षा ‘२०१४च्या आधी कोणाकडे कुठलं कार्ड होतं’ हे जास्त सांगते. अंधेरीतल्या झोपडपट्टीत २०१६ साली आलेलं कुटुंब त्या यादीत असण्याची शक्यताच कमी.

कार्डाच्या रंगावरूनही मोजू नका. केशरी कार्डावर ‘प्राधान्य’चा शिक्का असेल तर तो लाभार्थी, नसेल तर नाही. काही तालुक्यांच्या जुन्या तक्त्यांत नुसते पिवळे, केशरी, पांढरे असे रकाने असतात. त्यातून कायद्याखालचे लाभार्थी निघत नाहीत.

---

नकाशावेडा:

दोघांचेही आभार. ‘एकूण लाभार्थी’चाच रकाना उचलला होता, आणि वर्धाही खरंच घसरलेला निघाला. मथळा बदलतो.

आता पुढचे प्रश्न. छेद २०११चाच ठेवू की अंदाजित लोकसंख्या घेऊ? कार्डं मोजू की माणसं? आणि पोर्टेबिलिटीमुळे दुसऱ्या जिल्ह्यात उचललेलं धान्य कुठे धरायचं? याच नकाशाशेजारी निराधार आणि वृद्धांच्या पेन्शनचा दुसरा नकाशा द्यायचा विचार आहे, त्यातही असेच खड्डे असतील तर आत्ताच सांगा.

---

छेदबिंदू:

जिल्ह्यांसाठी २०११च ठेवा. केंद्राच्या तांत्रिक गटाचे लोकसंख्येचे अंदाज राज्यापर्यंतच आहेत, जिल्ह्यांचे नाहीत. जिल्हावार अंदाज म्हणून जे फिरतात, ते कोणीतरी २००१-११चा वाढीचा दर पुढे ओढून केलेले असतात. राज्यपातळीवर फरक दाखवायचा असेल तर एक ओळ पुरे: ७ कोटी भागिले २०११चे ११.२४ कोटी म्हणजे ६२.३ टक्के. २०२१ची अंदाजित लोकसंख्या १२.४४ कोटींच्या आसपास, ती घेतली तर ५६.३ टक्के. सहा टक्के लोक केवळ छेद जुना राहिल्यामुळे ‘झाकलेले’ दिसतात. नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. कायद्याच्या कलम ९मध्ये जनगणनेचे ताजे प्रकाशित आकडे धरावेत असं आहे, त्यामुळे ते येईपर्यंत इष्टांकही जुन्याच छेदावर उभा आहे.

चूक सगळ्या जिल्ह्यांत सारखी मात्र नाही, आणि तळटीप द्यायची तर त्यावर द्या. २००१ ते २०११मध्ये जुना ठाणे जिल्हा ३६ टक्के वाढला, पुणे ३० टक्के. रत्नागिरी ४.८ टक्क्यांनी घटला, सिंधुदुर्ग २.२ने. तोच कल पुढे राहिला असेल, तर ठाणे-पुण्याची आजची खरी टक्केवारी तुमच्या तक्त्यापेक्षा बरीच खाली असणार आणि कोकणातली फारशी हलणार नाही. म्हणजे शहर आणि खेडं यांतलं खरं अंतर नकाशात दिसतं त्याहून मोठं आहे.

कार्डं की माणसं, तर प्राधान्यसाठी माणसं. पुरवठ्याच्या भाषेत युनिट. अंत्योदयसाठी कार्डं, कारण त्याचा इष्टांकच कुटुंबांत आहे: राज्याला २५,०५,३०० कुटुंबं. २०११च्या घरयादीत सुमारे २ कोटी ३८ लाख कुटुंबं होती, म्हणजे साडेदहा टक्के. अंत्योदयचा नकाशा वेगळा काढा, तो पहिल्यापेक्षा बराच प्रामाणिक निघतो. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिन्ही आदिम जमातींची कुटुंबं अंत्योदयमध्ये यायला हवीत असा निकष आहे. त्यामुळे रायगड-पालघर, यवतमाळ आणि गडचिरोलीत तो वाटा वर दिसायला हवा. दिसला नाही तर तिथे प्रश्न विचारायला जागा आहे.

---

बालाघाट:

पोर्टेबिलिटीबद्दल. दोन वेगळे अहवाल आहेत आणि दोन्हींत ‘जिल्हा’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. कार्डांच्या अहवालात (आरसीएमएस) जिल्हा म्हणजे कार्ड जिथलं आहे तो. ई-पॉसच्या (दुकानातल्या अंगठा लावायच्या यंत्राच्या) व्यवहारांत जिल्हा म्हणजे दुकान जिथलं आहे तो. टक्केवारीसाठी पहिला. व्यवहार भागिले कार्डं असं काढणार असाल, तर दोन्हींची सांगड घालायच्या आधी पोर्टेबिलिटीचे व्यवहार वेगळे करा.

ऊसतोडीच्या पट्ट्यात याचा फटका स्पष्ट दिसतो. बीड आणि आसपासचे तोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कारखान्यांवर जातात, काही टोळ्या बेळगाव-बागलकोटकडे. या महिन्यांत बीडच्या दुकानांत व्यवहार घटतात. नोव्हेंबर ते मार्चची सरासरी घेतलीत तर बीड ‘धान्य न उचलणारा’ जिल्हा ठरेल, मे ते सप्टेंबरची घेतलीत तर नाही. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायला जुलै-ऑगस्ट बरे (२०२५ सोडून, कारण वर आलंच आहे). राज्याबाहेर उचललेलं धान्य महाराष्ट्राच्या ई-पॉस अहवालात दुकानाच्या ओळीत येत नाही. ते आंतरराज्य पोर्टेबिलिटीच्या अहवालात पाहावं लागतं.

सगळे कामगार कार्ड घेऊन जातात असंही नाही. कार्ड गावी म्हाताऱ्या आईवडलांकडे राहतं आणि धान्य तेच उचलतात, अख्ख्या कार्डाचं. मग बीडमध्ये व्यवहार झालेला दिसतो, खाणारी माणसं मात्र फडावर. कार्डागणिक व्यवहार आणि माणसागणिक पोट यांत हे अंतर राहणारच.

व्यवहार मोजताना ‘किती व्यवहार झाले’ नको, ‘किती वेगवेगळ्या कार्डांवर किमान एक व्यवहार झाला’ हे घ्या. जादा धान्याच्या काळात एकाच कार्डावर महिन्यात दोन पावत्या निघायच्या, एक विकतच्या धान्याची आणि एक फुकटच्या. बारा अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबरावर दुबार काढून टाकले की बरोबर आकडा राहतो. त्या नंबराचं एक्सेलमध्ये ‘२.७ई+११’ असं काहीतरी होतं. फाइल उघडतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलं तर उपयोग नसतो.

आणि ई-केवायसी बाकी असलेले युनिट आपण होऊन वगळू नका. बाकी म्हणजे रद्द नव्हे. लहान मुलं, हाताच्या रेषा झिजलेले मजूर आणि वृद्ध यांचा अंगठा लागत नाही म्हणून बाकी राहतात, आणि ते सगळ्या जिल्ह्यांत सारखे विखुरलेले नाहीत.

---

वयोगट:

पेन्शनच्या नकाशात दोन मोठे खड्डे आहेत.

पहिला दुबार मोजणीचा. वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेत गट अ आणि गट ब आहेत. गट अ म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले ६५ वर्षांवरचे. त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे पैसे मिळतात आणि राज्य त्यात भर घालतं. माणूस एकच, पण केंद्राच्या यादीतही आणि श्रावणबाळच्या यादीतही. दोन्ही योजनांचे लाभार्थी जोडले की हा माणूस दोनदा येतो. जिथे दारिद्र्यरेषेची यादी मोठी, तिथे फुगवटा मोठा, म्हणजे तुमची चूक गरीब जिल्ह्यांकडे झुकलेली असेल आणि म्हणूनच संशय येणार नाही. विधवा आणि दिव्यांगांच्या केंद्रीय पेन्शनचं संजय गांधी निराधार योजनेशी असंच नातं आहे. सुरक्षित बेरीज: श्रावणबाळ (अ आणि ब) अधिक संजय गांधी. केंद्राचे रकाने त्यात जोडू नका.

दुसरा खड्डा छेदाचा. श्रावणबाळला एकूण लोकसंख्येने भागलंत तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग उंच दिसतील, कारण तिथली तरणी माणसं मुंबईला आणि घरी म्हातारी जास्त. छेद ६५ वर्षांवरची लोकसंख्याच हवी. जनगणनेच्या सी-१४ तक्त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट जिल्हावार आहेत. ६५-६९, ७०-७४, ७५-७९ आणि ८०+ या चार ओळी जोडा. ‘वय नमूद नाही’ ही ओळ सोडून द्या. हजारी प्रमाण काढा, टक्केवारीपेक्षा वाचायला सोपं जातं. लोक वय सांगताना ६०, ६५, ७० अशा गोल आकड्यांवर येतात, त्यामुळे ६५-६९चा गट थोडा भरलेला असतो. त्याला इलाज नाही, पण सगळ्या जिल्ह्यांत चूक एकाच दिशेची आहे.

संजय गांधीचा छेद अवघड आहे. विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, दुर्धर आजारी असे अनेक गट एकाच योजनेत आहेत. सगळ्यांना मिळून एक छेद बनवायला जाऊ नका. १८ ते ६४ वयाची लोकसंख्या घ्या आणि ‘कच्चं प्रमाण’ असं स्पष्ट लिहा. उत्पन्नाची अट वार्षिक २१,००० रुपये (दिव्यांगांना ५०,०००), म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. अनुदान २०२३पासून १,५०० झालं (दिव्यांगांचं २०२५पासून २,५००). दिव्यांग सोडले तर अटीतलं महिन्याचं उत्पन्न आणि मिळणारं अनुदान यांत अडीचशेचं अंतर उरलंय. कागदोपत्री एवढं कमी उत्पन्न दाखवणारा तहसीलदारांचा दाखला मिळवणं, हीच इथली खरी पात्रता. त्यामुळे दोन शेजारच्या तालुक्यांतला फरक बरेचदा दारिद्र्याचा नसतो, तर तालुका समितीच्या बैठका किती नियमित होतात याचा असतो.

लाडक्या बहिणीचे आकडे यात मिसळू नका. तिथे अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. निराधार योजनेचे १,५०० घेणाऱ्या बाईला ती योजना लागू नाही, म्हणजे दोन्ही याद्या बऱ्याच अंशी एकमेकींना वगळून आहेत.

---

गोदामपाल:

जोडणीच्या वेळचं एक राहिलं. जिल्ह्यांच्या नावांवर तक्ते जोडू नका, रडाल. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं नव्या अहवालांत, जुनी नावं जनगणनेत. जनगणनेच्या इंग्रजी फाइलीत तर बीडच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’ एकही नाही, आणि रायगडचं शेवटचं अक्षर वेगळंच. २०११चे जिल्हा संकेतांक वापरा: ४९७ नंदुरबार ते ५३१ सांगली, एकूण ३५. पालघरला स्वतःचा एक आकडा द्या, या मालिकेत नसलेला. मग प्रत्येक अहवालाच्या डावीकडे हा संकेतांक एकदाच हाताने भरा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि अहवाल ज्या दिवशी उतरवाल त्या दिवसाची पीडीएफ जपून ठेवा. कार्डांचा अहवाल चालू स्थिती दाखवतो. पुढच्या महिन्यात तोच दुवा उघडलात तर आकडे बदललेले असतील आणि तुमचा तक्ता कुठून आला ते तुम्हालाही दाखवता येणार नाही.

---

छेदबिंदू:

नकाशाबद्दल एकच. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई शहर १५७. रंगवलेल्या नकाशात डोळा गडचिरोलीवर जाणार, माणसं मात्र मुंबईत गडचिरोलीच्या जवळपास तिप्पट. रंगासोबत लाभार्थ्यांच्या संख्येइतकं वर्तुळ काढा. पालघरच्या तुकड्यावर तर वेगळी खूण करा. वसई तालुक्यात जिल्ह्याची सुमारे ४५ टक्के माणसं आहेत, आणि जव्हार-मोखाड्याचा आकडा त्या सरासरीत पूर्ण बुडतो. तालुक्याचे अहवाल उपलब्ध आहेत. निदान एवढा एक जिल्हा तालुकावार द्या.

---

नकाशावेडा:

३४ एककांवर तक्ता पुन्हा मांडला. ‘एपीएल शेतकरी’ वेगळा काढल्यावर चौदाही जिल्हे २०२१ ते २०२४ जवळपास सरळ रेषेत आले. पालघर तालुकावार घेतोय. श्रावणबाळचे गट अ आणि ब वेगळे देणारा अहवाल काही तालुक्यांचा मिळाला नाही. तिथे दोन्हींची बेरीजच घेतली आहे, केंद्राचा रकाना न जोडता. मथळा आता ‘अन्नसुरक्षेचा इष्टांक: मंजूर किती, भरला किती’.